फलत्याग आणि लेथचा बेड

फलाची आसक्ती सोडणे म्हणजे कामाच्या अचूकपणाविषयी उदासीन होणे काय? रायपूरच्या भनपुरी औद्योगिक वस्तीत कोणी जुना लहान लेथ घरी आणून दुरुस्त करू लागला, तर हाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. चकाजवळ काम अधिक होते, म्हणून बेड तेथेच अधिक झिजतो. नुसता रंग दिला तर यंत्र नवे दिसेल (रंगाचा डबा स्वस्तच असतो!), परंतु कातलेला दंड निमुळता उतरेल. म्हणून सपाट पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर फिरवावयाची आणि रंग उमटेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडावयाचा. कॅरेजची खालची बाजूही अशीच खरवडावी लागते. जोडणीनंतर ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, गिऱ्हाईक तिचे मोल देत नाही. त्या मोलाची आशा कारागिराने खुशाल सोडावी. सपाटीची चिंता मात्र सोडून चालत नाही. सायंकाळी पट्टी पुन्हा फिरवावी, तो निळे ठिपके अजून विरळच असतात.