मी कोण, हे सांगायचं कुणी?

लग्न होतं आणि बाईचं आडनाव बदलतं, कधी कधी नावसुद्धा. आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. पण आपण कोण, हे दुसऱ्यांनीच सांगायचं का, हा प्रश्न आपल्या कथा-कादंबऱ्या जवळजवळ शंभर वर्षं विचारताहेत.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं. मोठा गदारोळ झाला. लेखिका विभावरी शिरूरकर. प्रत्यक्षात त्या बाळूताई खरे, पुढे लग्नानंतर मालती बेडेकर. एक नाव माहेरचं, एक सासरचं. मनातलं बोलायला मात्र तिसरं नाव घ्यावं लागलं.

आमच्या भोपाळला मालती जोशी राहत. घर मराठी, लेखन मुख्यतः हिंदीत. त्यांच्या कथांतल्या बायका बहुधा संसारातच राहतात, म्हणून काहीजण त्यांना 'घरगुती' ठरवून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. दार आपटून गेली ती स्वतंत्र आणि राहिली ती दबलेली, असा हिशेब कसा मांडता येईल? जाणारीला कुणी ढकललेलं असू शकतं. राहणारीने पुरता विचार करून राहायचं ठरवलेलं असू शकतं. ठरवलं कुणी, एवढंच मी कथा वाचताना बघते.

आपला अनेकांतवाद इथे कामाला येतो. पत्नी, आई, सून ही प्रत्येक ओळख त्या त्या नयाने खरीच. एकाच नयाला पूर्ण सत्य मानलं की चूक होते. आणि बाईचा स्वतःचा नय तर बरेचदा मोजलाच जात नाही. स्त्रीला त्याच देहाने मोक्ष मिळतो का, यावर दिगंबर आणि श्वेतांबर आचार्यांनी शतकानुशतकं वाद घातला. मल्ली तीर्थंकर स्त्री होत्या की पुरुष, इथपर्यंत तो गेला. बोलणारे सगळे पुरुष. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तिला विचारायचं राहूनच गेलं.

समाजाच्या पत्रिकेत आपण अजून 'अमुक यांच्या धर्मपत्नी' एवढंच छापतो. बायांनो, छापण्याआधी एकदा तिलाच विचारूया, ताई, काय लिहू? ती म्हणाली, 'मुलांची आई लिहा', तर तेच लिहू. तेव्हा ती ओळख तिची असेल.