माळावरचा मेंढपाळ



आज पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा रविवार. योहानाच्या दहाव्या अध्यायावर मी आजवर बरीच प्रवचने दिली. त्यांतला मेंढपाळ नेहमी चित्रातला असे: पांढरा झगा, खांद्यावर कोकरू. यंदा मला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या चैत्रात धनगरांचा एक वाडा चर्चमागच्या माळावर उतरला. घोड्यावर बिऱ्हाड, दोन कुत्री आणि दोन-अडीचशे मेंढ्या. एक बाई हंडा घेऊन फाटकाशी आली. आपण नुकतीच लावलेली रोपे मेंढ्या खातील या धास्तीने मी फाटकाला कुलूप घातले होते. पाणी दिले, पण ‘उद्या पुढे सरका’ असेही सांगितले. ती काही बोलली नाही. पहाटे वाडा हलला होता. रोपे म्हणाल, तर निम्मी मे महिन्यात वाळलीच.

मेंढरे माळ उजाड करतात, असे आपण म्हणतो. एका जागी कोंडली तर करतातच. पण आपल्या जिल्ह्यातले धनगर म्हणून तर एका जागी राहत नाहीत. कोणी दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, कोणी नदीकाठच्या रिकाम्या रानांत फिरतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढ्यात कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांना उसंत मिळते. आपला माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. रेहेकुरीचे काळवीटही अशाच गवतावर जगतात. तिथे सरसकट खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्य आहे, असे मलाही वाटत होते.

मेंढ्या शेतात बसवण्याची रीत तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत थेट मातीत जाते, खत वाहून आणावे लागत नाही. पूर्वी बदल्यात धान्य देत, आता बहुधा पैसे देतात.

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांची भांडणे होतात. कारण साधे आहे: दोघांच्या कळपांना जमीन पुरेना. अब्राम वडीलधारा, चांगली बाजू त्याने आधी घेतली असती तर कोणी नावे ठेवली नसती. त्याने पुतण्याला आधी निवडू दिले. पुढे लेवीयच्या पुस्तकात शेताचा कडेकोपरा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायला सांगितले आहे. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की मालकी खाजगी असू शकते, पण वापरताना गरजवंताला वाटा द्यायची तयारी हवी. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते.

गायरानांचा प्रश्न मात्र सोपा नाही. ती कसणाऱ्यांत आपलीही भूमिहीन कुटुंबे आहेत आणि त्यांना उठवा, असे मी म्हणणार नाही. पण ज्यांची स्वतःची बागायत आहे, त्यांनी गायरानाचा बांध कोरत नेऊ नये. नावे घेत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. आपल्या धर्मग्राम समितीने त्याआधी एक लहान गोष्ट ठरवली. मंगळवारपासून तीन रात्री चर्चच्या शेतात मेंढ्या बसतील. मागचे फाटक उघडे राहील, टाकीचे पाणी त्यांच्यासाठी आहे. संध्याकाळी रोझरीला येणाऱ्यांनी पुढच्या दाराने यावे; कुत्री अनोळखी माणसावर भुंकतात.