शब्द टाकणारा



इंग्लंडमधील एक गोष्ट फुटबॉलप्रेमी अजून हसत हसत सांगतात. १९९६ च्या नोव्हेंबर महिन्यात साउथॅम्प्टन क्लबचे मॅनेजर ग्रॅम सूनेस यांच्यासाठी एक फोन आला. बोलणाऱ्याने आपले नाव जॉर्ज वेआ असे सांगितले. वेआ म्हणजे १९९५ साली जगातील सर्वोत्तम ठरलेला खेळाडू! माझा चुलतभाऊ अली दिया पॅरिसच्या मोठ्या क्लबकडून आणि सेनेगल देशाकडून खेळला आहे, त्याला घ्या, अशी शिफारस त्याने केली. क्लबने दियाशी महिन्याभराचा करार केला. ज्या राखीव संघाच्या सामन्यात त्याची परीक्षा झाली असती, तो नेमका पावसामुळे रद्द झाला.

२३ नोव्हेंबरला लीड्सविरुद्ध सामना होता. अर्ध्या तासानंतर हुकमी खेळाडू मॅट ले टिसिए दुखापतीमुळे बाहेर आला आणि दिया आत गेला. कुठे धावावे, कुठे थांबावे हेच त्याला कळेना. पन्नासेक मिनिटांनी त्यालाही बाहेर बोलावून घेतले. संघ २-० असा हरला. थोड्याच दिवसांत दियाची रवानगी झाली. वेआने मुळात फोन केलाच नव्हता.

ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा मीही पोट धरून हसलो. पण आपण हसतो कोणाला? दियाला. आपण कोणाला फसवले नाही, असे तो पुढे सांगत राहिला. ते खरे धरा वा खोटे, हजारो लोकांसमोर उभा राहिला तो तोच. त्याची लायकी उघड्यावर तपासली गेली. फोन करणारा मात्र रिसीव्हर ठेवून निघून गेला. आणि सूनेस यांच्यासारख्या अनुभवी माणसाच्या क्लबात कोणालाही पॅरिसला उलट फोन लावावासा वाटला नाही. मोठे नाव कानी पडले की आपण चौकशी करत नाही. चौकशी केली तर अपमान होईल असे वाटते.

ब्राझीलमध्ये कार्लोस काइझर नावाचा असाच एक इसम होता. क्लबांशी करार करायचा आणि खेळायची वेळ आली की मांडी धरून बसायचे, हा त्याचा धंदा. २०१८ साली त्याच्यावर माहितीपटही निघाला. बरीचशी हकिगत त्याच्याच तोंडची, तेव्हा त्यात मीठमसाला असणारच. पण तो गप्पिष्ट, पार्ट्यांत रंग भरणारा. म्हणून नामांकित खेळाडू मित्र त्याच्यासाठी शब्द टाकत. ज्याची जागा त्याने अडवली, त्या पोरांवर माहितीपट कोण काढणार?

आठवी आज्ञा म्हटली की आपल्याला कोर्ट आठवते, पिंजरा आठवतो. कोणाच्या भल्यासाठी टाकलेला शब्द ही खोटी साक्ष होऊ शकते, असे मनात येत नाही. उलट त्याला आपण परोपकार म्हणतो.

मीही म्हटले होते. काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या आग्रहाखातर मी एका तरुणासाठी चार ओळी लिहून दिल्या: ‘मी यास लहानपणापासून ओळखतो. हिशेबाच्या कामात हुशार व विश्वासू आहे.’ त्याला मी त्याआधी फक्त दोनदा पाहिले होते. नोकरी लागली. घरचे पेढे घेऊन आले, ते मी खाल्ले. हिशेब काही त्याला जमेना. सहा महिन्यांनी चारचौघांत बोलणी खाऊन तो घरी बसला. मला कोणी एका शब्दाने विचारले नाही. त्या जागेसाठी आणखी कोणी अर्ज केला होता का, हे मीही कधी विचारले नाही.

पुढे एकदा तो बाजारात समोर आला. मी नजर चुकवणार, तोच तो जवळ येऊन म्हणाला, “सॉरी अंकल, तुमचं नाव खराब केलं मी.”