झिजून उरलेला डोंगर

वाईट दिवसांत डोंगराकडे पाहून धीर घ्यावा, असं आपण सहज म्हणून जातो. पण डोंगराकडून नेमकं घ्यायचं काय?

माझं गाव भूम, बालाघाटाच्या रांगेतलं. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं. गावी जाताना सपाट माथ्याच्या त्या टेकड्या दिसू लागल्या की जीव थाऱ्यावर येतो. असं का होतं, याचा विचार करू लागलो आणि आधी भूगोलच आडवा आला. बालाघाट काही जमिनीतून वर उचलला गेलेला पर्वत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार तयार झालं. पुढे उत्तरेकडून गोदावरीच्या आणि दक्षिणेकडून भीमेच्या खोऱ्यातल्या पाण्याने ते कोरत नेलं. मधे जे राहिलं, तो बालाघाट. आपण ज्याला ठाम उभा म्हणतो, तो झिजून उरलेला आहे आणि अजूनही झिजतोच आहे.

मला यातच दिलासा वाटतो. काहीही न गमावता टिकणं डोंगरालासुद्धा जमलेलं नाही, तर आपली काय कथा!

पण हा दिलासा दुसऱ्याला देता येतो का? सप्टेंबर २०२५च्या पुराने भूम-परंडा भागातली शेतं खरडून नेली. पिकासोबत मातीही गेली. अशा शेताच्या बांधावर उभं राहून 'बालाघाटासारखे खंबीर राहा' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? डोंगराला झिजायला कोट्यवधी वर्षं मिळाली. शेतकऱ्याला पुढची पेरणी गाठायची असते, कर्जाचा हप्ता भरायचा असतो, आणि घरात खाणारी तोंडं असतात.

आमच्या क्षेत्रात एखाद्या यंत्रणेला 'रेझिलियंट' म्हणतात, तेव्हा तिच्यामागे जास्तीचे सर्व्हर असतात, बॅकअप असतो, रात्री फोन उचलणारी माणसं असतात. त्या टिकाऊपणासाठी कुणीतरी पैसे मोजलेले असतात. माणसांना मात्र आपण काहीही न देता 'चिवट' म्हणतो आणि तेवढ्या कौतुकावर मोकळे होतो.

भूमची माणसं दगडासारखी टिकलेली नाहीत. कोरडवाहू शेतीचा भरवसा नाही म्हणून त्यांनी जनावरं सांभाळली. दूध लवकर नासतं म्हणून ते भट्टीवर आटवून खवा केला. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांच्यामागे ही खटपट आहे. डोंगर जागचा न हलता टिकतो. माणसाला मार्ग बदलावे लागतात, आणि त्यासाठी चारा, पाणी, भांडवल, बाजार हे सगळं लागतं.

तरीही मला ती रांग हवी असते. ती उपदेश करत नाही, माझ्याकडून काही मागत नाही. गावात दरवर्षी काहीतरी नाहीसं झालेलं असतं. तिच्यामुळे निदान आपण कुठे आलो ते कळतं. एवढं तिच्याकडून घ्यायला हरकत नसावी. खरडलेल्या शेतात पुन्हा माती भरायची, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतील. त्यांचं भाडं डोंगर भरणार नाही. ते आपल्यालाच भरावं लागेल.