अज्ञानाला दिलेली दक्षिणा

खानदेशात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पाटण या गावी एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला, आणि तेव्हापासून भास्कराचार्यांच्या कुलवृत्तान्ताचे एक मुख्य साधन म्हणून तो अभ्यासला जातो. शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहण चालू असता, निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिक राजाने हातावर उदक सोडून एका मठाला दान दिले. हा मठ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून स्थापला होता. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असला तरी शेवटी, जेथे कोणी काय द्यावयाचे याचा व्यवहार येतो तेथे, तो तत्कालीन मराठीत उतरतो. बाजारातील मालावरच्या हक्काचा काही अंश मठास तोडून दिलेला आहे, आणि गावात जितके घाणे चालतात तितक्यांकडून पळी-पळी तेल मठास पोचावे अशी तरतूद आहे. मराठी मुलखात गणित आणि ज्योतिष यांच्या अध्यापनास मिळालेले याहून जुने अनुदान मला ठाऊक नाही, आणि ते इतक्या किरकोळ मापात मोजलेले असावे याचे मला मोठे अप्रूप वाटते.

त्या दानाच्या मुहूर्तात एक योगायोग आहे, आणि तो दात्याच्या ध्यानी आला होता की नाही हे लेख सांगत नाही. ग्रहणकाळ हे दानाचे पर्व, कारण त्या वेळी दिलेले अक्षय्य होते अशी श्रद्धा. परंतु ज्या शास्त्राच्या अध्ययनासाठी ते दान दिले जात होते त्या शास्त्रात चंद्रग्रहण हे देशांतर मोजण्याचे साधन होते. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते, मात्र त्या क्षणी ठिकठिकाणची स्थानिक वेळ निराळी असते, आणि तो फरक मोजला की दोन स्थळांमधले पूर्व-पश्चिम अंतर हाती येते. आकाशातील एकाच घटनेकडे पाहून एक मनुष्य उदक सोडीत होता आणि दुसरा घटिकापात्र मोजीत बसला असता. या दोन कृतींत विरोध आहे असे पाटणच्या त्या सभेतील कोणास वाटले असेल, असे मला वाटत नाही. तो विरोध आपण पुढे निर्माण केला.

आजच्या काळात याच जातीचे दान केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून येते. ‘इन्स्पायर-मानक’ या नावाची योजना मुळात सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेली. शाळेने मुलांच्या कल्पना पाठवावयाच्या, त्यांतून निवड व्हावयाची, आणि निवडलेल्या मुलाच्या बँकखात्यावर प्रकल्प अथवा प्रतिकृती करण्यासाठी दहा हजार रुपये जमा व्हावयाचे. देशभरातून वर्षाकाठी दहा लक्ष कल्पना याव्यात आणि त्यांतील एक लक्षांस ही रक्कम मिळावी, असे तिचे उद्दिष्ट. याउलट अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी एकेका शाळेस वीस लक्षांपर्यंत मिळतात; पण वीस लक्षांची व्यवस्था लावण्यास जे लागते ते, म्हणजे कुलूप, किल्ली, डेडस्टॉक रजिस्टर आणि फुटलेल्या काचेबद्दलची भीती, तेही त्यासोबत येते. मला विचार करावयाचा आहे तो लहान रकमेचा, कारण लहान रकमेतच दानाचा खरा तात्त्विक पेच दिसतो.

तो पेच पात्रतेचा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत परतफेडीची अपेक्षा नसावी, देश आणि काळ योग्य असावा, आणि घेणारा पात्र असावा असे म्हटले आहे. पात्र कोण, याचे उत्तर आपल्या परंपरेने जवळजवळ एकमुखाने दिले: ज्याच्यापाशी विद्या आहे तो. पेशवाईत पुण्यास श्रावणमासी वाटली जाणारी दक्षिणा मूळच्या हेतूने विद्वानांच्या परीक्षेवर आधारलेली होती, मग व्यवहारात तिची अवस्था काहीही झालेली असो. इंग्रजी अमलात तो फंड आकसत गेला, आणि १८४९ साली काही सुधारक तरुणांनी, ज्यांना लोकहितवादींचा पाठिंबा होता, असा अर्ज केला की यातील काही रक्कम उपयुक्त मराठी ग्रंथांच्या रचनेस बक्षीस म्हणून द्यावी. त्यावरून शहरात केवढे वादळ उठले हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. तथापि त्या वादातील दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मतैक्य होते: वेद म्हणणारा असो की ग्रंथ लिहिणारा, दक्षिणा घेणाऱ्यास काहीतरी आधीच येत असले पाहिजे.

शाळेतील मुलाला प्रयोगासाठी दिलेली रक्कम ही या संपूर्ण परंपरेला छेद देते. ती ज्ञान असल्याबद्दल दिलेली नाही. एखादी गोष्ट ठाऊक नाही, आणि ती ठाऊक नाही हे मुलाला प्रामाणिकपणे जाणवले आहे, एवढीच त्याची पात्रता. अज्ञानाला दिलेली ही दक्षिणा धर्म्य ठरते काय, आणि ठरत असेल तर दात्याला कोणकोणते हक्क सोडावे लागतात, हा प्रश्न मला शिक्षणखात्याच्या कोणत्याही परिपत्रकाहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

वऱ्हाडात आसेगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. माझ्या मनात आहे ते वाशीम जिल्ह्यातील. सोयाबीन आणि तूर यांवर जगणारा हा मुलूख, २०१८ साली निवडलेल्या देशातील ‘आकांक्षित’ म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आला; पण प्राचीन काळी वाशीम हे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आणि ज्योतिषशास्त्रात तर त्याचे स्थान याहून मोठे. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेखा आपल्या ज्योतिष्यांनी कल्पिली, तिच्यावरील स्थळांच्या नामावळीत वत्सगुल्म येते. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीया’त येते आणि भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’तही येते. वाशीम शहरात मध्यमेश्वराचे देऊळ आहे आणि पृथ्वीची मध्यरेखा येथून जाते अशी तेथील लोकश्रद्धा आहे. थोडक्यात, आसेगावच्या मुलांच्या घराजवळ एक असे विधान उभे आहे की ज्याच्यामागे आचार्यांचा शब्द आहे आणि देवाचे ठाणेही आहे.

आता समजा, आसेगावातील आठवीच्या एका मुलीने हे विधान पडताळून पाहावयाचे ठरविले. सपाट सारवलेल्या जागेवर मीटरभर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवावी, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवते आणि दुपारनंतर पुन्हा जेथे शिवते ते दोन बिंदू जोडावेत, आणि त्यांच्या मध्यातून काठीच्या बुडाशी रेघ ओढावी, म्हणजे दक्षिणोत्तर दिशा मिळते. ही रीत शुल्बसूत्रांच्या काळापासून आपल्याकडे चालत आली आहे. दुसऱ्या दिवशी सावली त्या रेघेवर येते तो क्षण स्थानिक मध्यान्हाचा. वाशीमचे रेखांश सुमारे ७७.१ अंश, आसेगावचे त्याहून फारसे निराळे नाहीत. उज्जैनचे सुमारे ७५.८. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते, तेव्हा वत्सगुल्माचा मध्यान्ह उज्जयिनीच्या मध्यान्हाआधी पाच मिनिटांहून काहीशा अधिक अंतराने व्हावयास हवा. एकाच मध्यरेखेवर असते तर दोन्ही एकाच क्षणी झाले असते. हिवाळ्यातील दुपारी पाच मिनिटांत मीटरभर काठीच्या सावलीचे टोक सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते, आणि सूर्यबिंब टिंबाएवढे नसल्यामुळे त्या टोकाचा पुसटपणाच सेंटिमीटरभर असतो. म्हणजे फरक दिसेल, पण जेमतेम. एका दिवसाच्या मोजणीवर भिस्त ठेवणाऱ्याला तो फसवील, आणि उज्जैनात त्याच दिवशी तशीच काठी रोवून बसलेले कोणीतरी गाठावे लागेल. काठी, दोरी आणि घड्याळ यांना पैसे पडत नाहीत. उज्जैनला जाऊन सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतील शंकूशेजारी उभे राहण्यास पडतात, आणि दहा हजारांचा याहून चोख विनियोग मला सुचत नाही.

परंतु तिची खरी पंचाईत उज्जैनला पोचण्याआधीच होईल. नोव्हेंबरच्या प्रारंभी तिचा मध्यान्ह घड्याळात बारा वाजून पाच मिनिटांच्या आसपास येईल, आणि फेब्रुवारीच्या मध्यास तो बारा पस्तिसाच्या पुढे गेलेला असेल. काठी तीच, जागा तीच, आणि दुपार अर्ध्या तासाने सरकलेली! पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या दुपारीशी वर्षभर लपंडाव खेळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ते तिला ठाऊक नाही, आणि खरे बोलावयाचे तर पुष्कळदा तिच्या गुरुजींनाही नसते. त्या क्षणी गुरुजी ‘तुझे मोजमाप चुकले’ असे म्हणाले तर ते दान तेथेच बुडाले. ‘मलाही ठाऊक नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू’ असे म्हणाले तर मात्र त्या शाळेत काहीतरी घडले.

न्यायदर्शनाने प्रमाणे चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांत शब्द म्हणजे आप्तवाक्य, विश्वासार्ह पुरुषाचे वचन. आणि आपली शाळा, पहिलीपासून शालान्त परीक्षेपर्यंत, या एका चौथ्या प्रमाणावर उभी आहे. पाठ्यपुस्तक हे आप्त, फळा हे आप्त, गाइड तर परम आप्त. यात शब्दप्रमाणाची निंदा नाही, कारण त्यावाचून एक दिवसही निभणार नाही. मी स्वतः उज्जैनचे रेखांश मोजलेले नाहीत, छापलेले वाचले आहेत. पण गौतमाने जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसराच मान संशयाला दिला, हे आपण विसरलो. संशयात्म्याच्या विनाशाचे वचन मात्र आपण मुलांना वेळीअवेळी ऐकवितो. जो संशय निर्णयाची वाट बंद करतो तो आणि जो निर्णयाकडे नेतो तो, या दोहोंची गल्लत केल्यामुळे आपल्याकडे श्रद्धेचेही नुकसान झाले आणि शास्त्राचेही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे ब्रीद कोणाच्या नुसत्या शब्दावर विसंबू नये अशा आशयाचे आहे, आणि तीच संस्था आज तेथील शाळांना प्रकल्पांसाठी छोटी अनुदाने देते. यातला सुसंगतपणा आपण घेण्याजोगा आहे.

आसेगावच्या मुलीचे मोजमाप आचार्यांच्या नामावळीविरुद्ध गेले तर आचार्यांचा अवमान झाला काय? भास्कराचार्यांचे थोरपण वत्सगुल्माच्या पाच मिनिटांवर अवलंबून नाही. ग्रहणाच्या वेळेवरून देशांतर काढावयाचे तर इतका फरक पडणे त्या साधनांच्या मर्यादेत बसते, आणि ती मर्यादा ओळखणे हाही त्यांच्याच शास्त्राचा भाग. मध्यमेश्वराला तर यातून काहीच उणेपणा येत नाही. भक्त तेथे रेखांश मोजावयास जात नाही. ज्या श्रद्धेला काठीच्या सावलीची भीती वाटते तिने आपले अधिष्ठान पुन्हा तपासावे, एवढेच मी म्हणेन. त्याचबरोबर, मोजणारीने आपले उत्तर ‘इतक्या मिनिटांच्या मर्यादेत’ असे सांगितले पाहिजे. आणि येथे कारंजा व शिरपूर यांच्यासारखी जैन क्षेत्रे ज्या जिल्ह्यात आहेत तेथील वाचकाला स्याद्वादाचे, म्हणजे प्रत्येक विधान काही एका अपेक्षेनेच खरे मानणाऱ्या जैन मताचे, स्मरण होईल. संख्याशास्त्राचा पाया आणि स्याद्वाद यांतील नाते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ च्या एका निबंधात मांडले होते. हे नाते फार ताणू नये असे माझे मत आहे. पण शास्त्रातील विनय आणि दर्शनातील विनय हे एकमेकांना अनोळखी नाहीत इतके त्यावरून ठरते.

आता दात्याकडे वळू. अर्जाचा नमुना मुलाला विचारतो: तुझी नवकल्पना कोणती, आणि तिचा समाजाला उपयोग काय? ज्याला अजून काही ठाऊक नाही त्याला फळ आधी लिहून द्यावयास लावणे हे दान नव्हे. ती सौदाचिठ्ठी झाली. याचा परिणाम कोणत्याही तालुक्याच्या विज्ञानप्रदर्शनात दिसतो: तीच पवनचक्की, तोच ज्वालामुखी, तीच ठिबक सिंचनाची थर्माकोलची शेते, आणि मागे उभ्या असलेल्या पालकाच्या हातचे सुबक अक्षर. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पैशाला उपयोगिता प्रमाणपत्र जोडावयाचे आहे, त्या पैशाने कोणी फसण्याचा संभव असलेला प्रयोग का करावा?

यावर वऱ्हाडातला शेतकरी म्हणेल की हे सारे खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचे चोचले. आमच्या पोरांनी सावल्या मोजाव्यात की पिकाचे काही पाहावे? या आक्षेपाला मी मान देतो, पण त्याचे उत्तर त्याच्याच घरात आहे. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडून, गुंडाळून, आठवडाभराने किती उगवले ते मोजणे, आणि सत्तर वा अधिक उगवले तरच ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरणे, ही कृषिखात्याने सांगितलेली उगवणशक्तीची चाचणी आहे. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा लोंढा आला, तेव्हा पिशवीवरील छापील मजकूर हे शब्दप्रमाण होते आणि गोणपाट हे प्रत्यक्ष. ज्या मुलीने सावलीच्या टोकाचा पुसटपणा मोजला आहे तिला पिशवीवरच्या आकड्याची शहानिशा करावयास निराळे शिकवावे लागत नाही. मात्र उपयोग होईल म्हणून तिला सावली मोजावयास लावली असती तर ती सावलीही गेली असती आणि गोणपाटही.

मराठी मुलखात आणि शेजारी असे दान देणारे झाले नाहीत असे नाही. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला त्यात मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने तो बंद केला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला तो हातांनी शिकण्याच्याच विश्वासावर. अरविंद गुप्ता यांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती उभी केली, आणि पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे तेच केले. या तिघांत पैशाचे प्रमाण निरनिराळे, पण मुलाच्या हातून चुकीचे उत्तर येण्याला तिघांनीही जागा ठेवली.

तेव्हा अर्जाच्या नमुन्यात मी एकच दुरुस्ती सुचवीन. ‘समाजास उपयोग’ या रकान्याऐवजी ‘मला काय ठाऊक नाही’ असा रकाना असावा, आणि हिशेबाच्या कागदावर ‘अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही’ हा शेरा वसुलीचे नव्हे, तर पुढील वर्षीच्या मंजुरीचे कारण समजला जावा. जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षकाला हे रुचणार नाही, कारण त्याच्या शास्त्रात अज्ञानाची जमा कोणत्या शीर्षाखाली धरावी याची तरतूद नाही. ती करण्याचा अधिकार त्याच्या वरच्या कचेरीत आहे. आणि तोवर आसेगावच्या मुख्याध्यापकांना फेब्रुवारीतल्या त्या बारा पस्तिसच्या नोंदीखाली, ती बरोबर आहे की चूक हे न ठरविता, नुसती तारीख घालून सही करता येण्यासारखी आहे.