आवाज कुणाचा?

गाडीच्या ज्या भागाला आपण सायलेन्सर म्हणतो, तो आवाज वाढवण्यासाठी बदलायचा आणि त्याचे 45,000 रुपये मोजायचे. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. त्यांनी कानाचं मशीन नीट बसवलं आणि म्हणाले, "परत सांग."

गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस. आमच्या घरापासून तासाभरावर, चाकणलाच बनते. मी सेकंडहँड घेतली, हप्ते अजून चालू आहेत. पळते सुसाट, पण आवाज? सभ्य. टर्बो एक्झॉस्टच्याच जोरावर फिरतो, त्यामुळे आवाजाची धार तिथेच अर्धी बोथट होते. उरलेली रेझोनेटर आणि मफलर खाऊन टाकतात.

वर्कशॉपवाल्या दादाने पर्याय मांडले. पहिला, डाउनपाइप बदलायचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा. ताकद खरी यातच वाढते. पण विषारी वायू निवळवणारा भागच काढून टाकायचा म्हणजे माझ्या मजेचा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. यावर मला फार विचार करावा लागला नाही. दुसरा, कॅट-बॅक. कन्व्हर्टर तसाच, त्यामागचा सगळा पाइप नवा. धूर वाढत नाही, ताकदही नावापुरती वाढते. वाढतो तो फक्त आवाज. म्हणजे 45,000 रुपये शुद्ध आवाजाचे.

आणि आवाजही सगळा गोड नसतो. चार सिलिंडरचं इंजिन 2000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 67 ठोके देतं. हायवेवर एका लयीत चालवताना हीच घरघर केबिनमध्ये भरते, तिला ड्रोन म्हणतात. ती कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येते. त्यात माझं इंजिन पेट्रोल वाचवायला मधले दोन सिलिंडर बंद करतं, मग ठोके निम्मे आणि घरघर आणखी जाड. तासाभरात डोकं धरतं. मालकाचंच डोकं धरतं, तर रस्त्याकडेला राहणाऱ्याचं काय होत असेल?

"म्हणून व्हॉल्व्हवाला घे," दादा म्हणाला. बटण दाबलं की व्हॉल्व्ह बंद, गाडी गाय. परत दाबलं की वाघ. सोसायटीत गाय, घाटात वाघ. मला हे इतकं पटलं की मी ॲडव्हान्स द्यायला फोन काढला होता.

दोन रात्री विचार केल्यावर मात्र तो व्हॉल्व्हच मला सगळ्यात जास्त खुपायला लागला. साधा पाइप असेल तर निदान म्हणता येतं, गाडीच तशी आहे. व्हॉल्व्ह असला की प्रत्येक गर्जना माझ्या बोटाने, ठरवून केलेली. शिवाय दादा हळूच म्हणाला होता, "चेकिंगला बंद ठेवायचा, कुणाला कळत नाही." 2015 साली याच फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेत पकडल्या गेल्या, कारण त्यांचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. तेव्हा हॉस्टेलवर मी कंपनीला भरपूर शिव्या दिल्या होत्या. आता तेच मी एका बटणात विकत घेत होतो.

कायदा तर सरळच आहे. कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितलंय. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल. पण खरं सांगतो, कायद्याच्या भीतीने मी थांबलो नसतो. तशा गाड्या घेऊन हिंडणारे माझे मित्र ढिगाने आहेत.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. बीएमडब्ल्यूने 2011 च्या एम5 मध्ये इंजिनाचा आवाज केबिनच्या स्पीकरमधून ऐकवला होता. गाडीवेडे लोक त्याला खोटं म्हणून हसतात, मीही हसायचो. पण समजा, अगदी हवा तसा आवाज फक्त मलाच ऐकू येईल, बाहेर चिटपाखरूही ढळणार नाही, तर मी 45,000 देईन का? प्रामाणिक उत्तर: 4,000 देईन. मग उरलेले 41,000 कशाचे? लोकांनी वळून पाहण्याचे. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात आम्हीही घसा फाटेस्तोवर "आवाज कुणाचा" ओरडलोय. पण तिथे आलेला प्रत्येक जण तो दंगा ऐकायलाच आलेला असायचा. रात्री अकराला सिंहगड रोडवर कोण माझं तिकीट काढून बसलंय?

एवढं कळल्यावर विषय संपायला हवा होता. तो बाबांमुळे संपला नाही.

दादाने एका शनिवारी त्याची डेमो गाडी रात्रीपुरती दिली. मी व्हॉल्व्ह उघडा ठेवून गेटातून आत आलो. वर पाहतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बाबा, मशीन न लावता, हसत उभे. "तू आलास ते मला कळलं," म्हणाले. भोसरीत एका कंपनीच्या फोर्जिंग शॉपमध्ये बाबांनी 27 वर्षं हॅमरशेजारी काढली. अशा आवाजाने आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. बेल, कुकरची शिट्टी, नातीचं बोलणं. खालच्या पट्टीचं बरंच शिल्लक राहतं. त्यामुळे त्या एक्झॉस्टची जाड घरघर त्यांच्यापर्यंत थेट पोचली. कित्येक वर्षांत मी घरी आल्याचं त्यांना पहिल्यांदाच आपोआप कळलं होतं.

त्याच वेळी पहिल्या मजल्यावरचं चार महिन्यांचं बाळ रडायला लागलं.

सोमवारी गाडी परत करताना मी दादाला बाळाचं सांगितलं. तो म्हणाला, "होते रे सवय सोसायटीला." घरी येऊन मी हे बाबांना सहज सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचा सुपरवायझरही हेच म्हणायचा. सवय होईल. आणि झाली की."

मी ऑर्डर दिली नाही. ते पैसे टायरमध्ये घातले. पण बाबांचा बाल्कनीतला चेहरा काही जात नव्हता, आणि बाळाची झोप मोडून तो मला परत हवा होता असं एखाद्या रात्री अजून वाटतं. ते वाटणं चूक आहे असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन साताऱ्याला आत्याकडे निघालो. कात्रजच्या नव्या बोगद्यात काचा खाली केल्या आणि खालचा गिअर घेतला. कंपनीचाच सायलेन्सर, पण बोगद्याच्या भिंतींनी आवाज धरून परत फेकला. बाबांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला. "आता येतोय," म्हणाले, "अजून एकदा." मी अजून एकदा दाबलं. शेजारून चाललेल्या स्कूटरवरच्या बाईंनी दचकून आमच्याकडे पाहिलं. मी काच वर घेतली.