तक्त्यात न मावणारी दृष्टी

डोक्याला मार लागलेला माणूस काही आठवड्यांनी डोळे दाखवायला जातो, भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक ओळ बिनचूक वाचतो आणि ‘नजर सहा बाय सहा’ असा शेरा घेऊन परततो. घरी मात्र वर्तमानपत्राचे अर्धे पान होईतो कपाळ ठणकू लागते, अक्षरे एकमेकांवर चढतात, ट्यूबलाइट सोसवत नाही. शेरा खोटा नाही आणि तक्रारही खोटी नाही. चूक आहे ती एका मोजमापाला अख्खी दृष्टी समजण्यात. स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेला हा तक्ता दुरून स्थिर अक्षर ओळखता येते का, एवढेच विचारतो. वाचताना दोन्ही डोळे सतत आत वळलेले ठेवावे लागतात, जवळचा फोकस टिकवावा लागतो, नेमक्या उड्या घेत ओळ पार करावी लागते. हे सारे मेंदू चालवतो. एरवी नकळत होणारे हे काम इजेनंतर कष्टाचे होते.

पाहण्यात मेंदूचा वाटा किती, हे आपल्याला जखमींमुळेच उमगले. रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून तात्सुजी इनोउये यांनी आणि पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी, डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूत कुठे इजा झाली की समोरच्या दृश्याचा कोणता तुकडा हरवतो, हे मांडले. तिथे डावीकडे इजा झाली तर दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे दिसेनासे होते, आणि तरीही तक्त्यावर सहा बाय सहा येऊ शकते. मराठी वाचणाऱ्याला उजवी बाजू गेलेली फार जाचते, कारण पुढचा शब्द तिकडूनच येतो. उर्दू वाचणाऱ्याला तीच अडचण डावी बाजू गेल्यावर येते.

अशा माणसाला अभ्यासात वा कामात सवलत द्यावी म्हटले, तर केवळ थकव्याच्या तक्रारीवर कुणीही ती मागेल, हा आक्षेप रास्त आहे. पण थकवाही बराचसा मोजता येतो. पेनाचे टोक नाकाकडे आणत ते कुठे दुहेरी दिसते, ते पट्टीने मोजावे. निरोगी तरुणाला ते साधारण पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत एकच दिसते. चाचणी पुन्हा पुन्हा केल्यावर अंतर वाढत गेले, तर डोळ्यांचा दम कुठे तुटतो ते दिसते. दुसरा आक्षेप उपचारांबद्दलचा : डोळ्यांच्या व्यायामाने गुण येतो याला पुरावा कुठे? डोळे आत वळवण्यात कमी पडणाऱ्या मुलांवरच्या २००८ च्या अमेरिकन चाचणीत, घरी पेन्सिल नाकाकडे आणत तिच्याकडे बघण्याच्या व्यायामापेक्षा देखरेखीखालचे उपचार सरस ठरले. ती मुले मेंदूच्या इजेची नव्हती, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावू नये. पण हात झटकून मोकळे व्हायलाही तो आधार देत नाही. उजेड सोसवत नाही म्हणून घरातही गडद चष्मा लावून अंधारात बसणे मात्र टाळलेले बरे, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उजेड अधिकच बोचतो.

आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अल्पदृष्टी ठरवताना तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र पाहतो. वाचन किती वेळ टिकते, हे त्या व्याख्येत नाही. कायदा बदलायला वर्षे लागतील. तोवर डॉक्टरांनी केसपेपरवर सहा बाय सहाच्या शेजारी ‘सलग वाचन : इतकी मिनिटे’ एवढी एक ओळ लिहावी, म्हणजे परीक्षेत जादा वेळ किंवा कचेरीत मधली विश्रांती मागताना त्या माणसाच्या हाती काहीतरी असेल.